पायरीखाली थांबलेला ग्राहक

समस्त स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने आदमच्या संततीला प्रतिष्ठा बहाल केली, आणि दरूद व सलाम त्याच्या अंतिम प्रेषितांवर (स.), ज्यांनी दुर्बलांना समाजाच्या कडेला नव्हे, तर मध्यभागी बसविले.



सूरह जुमुआमध्ये अल्लाहने नमाज पूर्ण झाल्यावर पृथ्वीवर पसरून आपली उपजीविका शोधण्याची अनुमती दिली आहे, आणि लगेच आपले अधिकाधिक स्मरण करण्याची ताकीदही दिली आहे. मस्जिदीतून बाहेर पडून दुकानाचे शटर उघडणारा मुसलमान बंदगीतून मोकळा होत नाही, हे यातून स्पष्ट होते. त्याचा तराजू, त्याचा गल्ला, त्याची जबान आणि त्याच्या दुकानाचा दरवाजा या सर्वांचा हिशेब होणार आहे. तराजू आणि जबान यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आज दरवाजाविषयी काही निवेदन करावयाचे आहे.

भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाताना महामार्गावर वरणगाव लागते. आयुध निर्माणीमुळे या गावाचे नाव दूरवर परिचित आहे. भोवतालच्या खेड्यांतील लोक येथे किराणा, कापड, औषधे आणि शेतीच्या सामानासाठी येतात. खानदेशातील जुन्या बाजारपेठांची रचना आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. रस्त्याच्या कडेने गटार, गटारीवर फरशीचा ढापा, त्यापलीकडे दोन-तीन पायऱ्या, मग ओटा आणि ओट्यावर दुकान. पावसाचे पाणी आत शिरू नये, धूळ माल खराब करू नये, म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी ओटे उंच बांधले. त्यात कोणाचा अनादर करण्याचा हेतू नव्हता. परंतु जो मनुष्य व्हीलचेअरवर किंवा हाताने चालविण्याच्या तीनचाकी सायकलवर बाजारात येतो, त्याच्यासाठी या दोन पायऱ्या म्हणजे बंद दरवाजाच असतो. तो खालून हाक मारतो. दुकानातील मुलगा वरूनच विचारतो, “काय पाहिजे, भाऊ?” वस्तू खाली आणून दिली जाते, पैसे वर नेले जातात. व्यवहार पूर्ण झाला, असे दुकानदाराला वाटते. अनेकदा आपण एका गरजवंताला मदत केली, असेही त्याला वाटते.

येथे थांबून विचार करावयास हवा. हा व्यवहार खरोखर पूर्ण झाला काय?

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसिद्ध हदीस आहे. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीजवळ थांबले आणि त्यांनी राशीत हात घातला. बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की, पावसाने धान्य भिजले आहे. तेव्हा आपण (स.) त्याला विचारले की, मग हे ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असा इशारा दिला. या हदीसमधून आपण भेसळ व लबाडीचा निषेध शिकतो आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक सिद्धांत आहे. ग्राहकाला माल पाहता आला पाहिजे, हा त्याचा हक्क आहे. हनफी फिक्हमध्ये ‘खियारे रुयत’ही मान्य केला गेला. म्हणजे न पाहता घेतलेली वस्तू प्रत्यक्ष पाहिल्यावर परत करण्याचा अधिकार खरेदीदाराला राहतो. सूरह निसामध्येही व्यापार उभयतांच्या राजीखुशीने व्हावा, अशी अट घातली आहे.

आता पायरीखाली थांबलेल्या ग्राहकाचा विचार करा. आत वीस प्रकारचे कापड मांडले आहे. त्याच्यासमोर दोन ठाण आणले जातात. तांदळाचे चार भाव आहेत. त्याला दुकानदाराच्या मनाला येईल तो तांदूळ मिळतो. इतर लोक शेजारच्या दुकानात भाव विचारून परत येतात. त्याला तेवढ्यासाठी पुन्हा दुसऱ्या ओट्याखाली हाका माराव्या लागतात. वस्तू त्याला पसंत नसली तरी दुकानातील मुलाला पुन्हा वर-खाली करावयास लावण्याचा संकोच वाटून तो तीच घेऊन जातो. ही राजीखुशी नव्हे, ही नाइलाजाची संमती होय. येथे धान्य ओले नाही, भाव खोटा नाही. तरीही ज्याला आतच येता येत नाही, त्याच्यासाठी दुकानातील सर्व माल झाकलेलाच आहे.

बंधूंनो, येथे आपली एक मोठी गफलत उघड होते. दिव्यांग व्यक्तीला आपण दान घेणारा म्हणून ओळखतो, ग्राहक म्हणून ओळखत नाही. रमजानमध्ये जकातीची यादी करताना त्याचे नाव आपल्याला आठवते. ईदच्या आधी त्याच्या घरी कपड्यांचे पाकीट पोहोचते. हे पुण्यकर्म अल्लाह स्वीकारो. परंतु तोच मनुष्य स्वतःच्या कमाईचे पैसे घेऊन, स्वतःच्या मुलीसाठी, स्वतःच्या पसंतीचे कापड घ्यावयास येतो, तेव्हा आपल्या दुकानाची पायरी त्याला खाली थांबविते. ज्याच्या हातावर आपण आनंदाने दान ठेवतो, त्याच्या हातातून सन्मानाने पैसे घेण्याची सोय मात्र आपण केलेली नसते. सदका ही देणाऱ्याची नेकी आहे. हक्क हा समोरच्याचा असतो. हक्कुल इबाद, म्हणजे दासांचे हक्क, यांविषयी उलमांनी आपल्याला वारंवार बजावले आहे की, ज्याचा हक्क बुडाला त्याने माफ केल्याशिवाय त्यातून सुटका नाही. दानाची पावती दाखवून हक्काचे देणे फिटत नाही.

दिव्य कुरआनने हा विषय किती गांभीर्याने घेतला, हे पाहण्यासाठी सूरह अबस पुरेशी आहे. मक्केतील काही प्रतिष्ठित सरदारांशी प्रेषित (स.) बोलत होते. त्यांनी सत्यधर्म स्वीकारला तर अनेकांचा मार्ग सुकर होईल, हीच तळमळ होती. त्याच वेळी अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) मार्गदर्शनासाठी आले. संभाषणात आलेला व्यत्यय आपणांस (स.) आवडला नाही आणि लक्ष सरदारांकडेच राहिले. यावर आकाशातून आयती अवतरल्या, आणि जो स्वतः ओढीने धावत आला आहे त्याच्याकडे लक्ष देणे अधिक महत्त्वाचे आहे, हे अल्लाहने आपल्या प्रिय प्रेषितांच्या (स.) निदर्शनास आणून दिले. त्या आयती आजही जगभरच्या नमाजांत पठण केल्या जातात. पुढे हेच इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) मदीनेत हजरत बिलाल (रजि.) यांच्यासमवेत अजान देत असत, आणि प्रेषित (स.) मोहिमेवर गेले असता अनेकदा मदीनेत त्यांचे प्रतिनिधी म्हणून राहिले. ज्याला समाजाने दयेचा विषय मानले असते, त्याच्यावर इस्लामने जबाबदारी सोपविली.

सूरह नूरमध्ये एकत्र भोजनाचे नियम सांगताना अंध, लंगडा आणि आजारी यांचा उल्लेख करून त्यांच्यावर कोणताही दोष नसल्याचे स्पष्ट केले गेले. भाष्यकार लिहितात की, काही लोक अशा व्यक्तींसोबत जेवण्यास कचरत असत, तर काही वेळा त्या व्यक्ती स्वतःच संकोचून दूर राहत. कुरआनने दोन्ही बाजूंचा संकोच दूर केला आणि सर्वांना एका दस्तरख्वानवर आणले. ज्या धर्माने दस्तरख्वानवरील अंतर मिटविले, त्याच्या अनुयायांच्या दुकानात ओट्याचे अंतर कायम राहावे काय?

प्रेषितांच्या (स.) जीवनातील आणखी एक प्रसंग बुखारीत आला आहे. हजरत इतबान इब्ने मालिक (रजि.) हे बद्रच्या लढाईत सहभागी झालेले अन्सारी सहाबी. त्यांची दृष्टी अधू झाली होती. पाऊस पडला की त्यांची वस्ती आणि मस्जिद यांमधील ओढा भरून वाहत असे आणि त्यांना मस्जिदीत पोहोचता येत नसे. त्यांनी विनंती केली की, आपण (स.) माझ्या घरी येऊन एका जागी नमाज अदा करावी, म्हणजे मी तीच जागा नमाजेसाठी ठरवीन. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर प्रेषित (स.) हजरत अबूबक्र (रजि.) यांना सोबत घेऊन त्यांच्या घरी गेले. घरात प्रवेश केल्यावर बसण्यापूर्वीच विचारले की, घरातील कोणत्या जागी नमाज अदा केलेली तुम्हाला आवडेल? इतबान (रजि.) यांनी जागा दाखविली आणि तेथे नमाज झाली. या प्रसंगात दोन धडे आहेत. जो येऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत जाणे हे मोठेपणाला कमीपणा आणणारे नाही. आणि सोय कशी हवी, हे आपण ठरवावयाचे नसून ज्याची गरज आहे त्याला विचारावयाचे आहे.

आता आपल्याच राज्यातील एक घटना पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांसाठी कार्य करणाऱ्या विराली मोदी या व्हीलचेअर वापरणाऱ्या तरुणीचा नोंदणी विवाह मुंबईतील खार येथील कार्यालयात होता. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, इमारतीत लिफ्ट नाही. स्वाक्षरीसाठी अधिकाऱ्यांनी खाली यावे, ही विनंती मान्य झाली नाही आणि स्वतःच्या विवाहाच्या दिवशी तिला उचलून दोन मजले वर न्यावे लागले. ही हकीकत तिने समाजमाध्यमावर मांडल्यावर तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी तिची जाहीर क्षमा मागितली. ते सरकारी कार्यालय होते, दुकान नव्हते. मुंबई होती, वरणगाव नव्हते. परंतु पायरीची गोष्ट तीच आहे. ज्याच्याकडे चालते पाय आहेत तो खाली यावयास तयार नाही, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याने वर यावे, अशी अपेक्षा आहे. मदीनेचे शासक असलेले प्रेषित (स.) एका अधू दृष्टीच्या मनुष्याच्या घरापर्यंत चालत गेले, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

उचलून नेण्याविषयी येथेच एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. “त्यात काय, चार माणसे मिळून उचलू,” असे आपण सहज म्हणतो. उचलणाऱ्यांची भावना चांगली असते. परंतु ज्याला उचलले जाते त्याला पडण्याचे भय असते, सर्वांच्या नजरा त्याच्यावर असतात आणि आपण ओझे आहोत ही जाणीव त्याच्या मनात रुजते. त्यातून ती एखादी भगिनी असेल, तर परपुरुषांनी तिला उचलून दुकानात न्यावे, हे तिच्या हयेला किती असह्य असेल! मग ती घरीच राहते आणि तिच्यासाठी इतर लोक खरेदी करतात. तिच्या घरी राहण्याला आपण तिची सवय समजतो. वास्तविक ती आपल्या पायरीची करामत असते.

आपल्या पूर्वजांनी बाजाराच्या रचनेकडे धर्माच्या दृष्टीने पाहिले होते. मुस्लिम शहरांमध्ये ‘मुहतसिब’ हा अधिकारी वजन-मापे तपासत असे आणि रस्तेही मोकळे ठेवीत असे. बाराव्या शतकातील शाम देशातील विद्वान शैजरी यांनी मुहतसिबाच्या कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथात, कोणत्याही दुकानदाराने आपला ओटा बाजाराच्या खांबांच्या ओळीपुढे रस्त्यात आणू नये, कारण ते येणाऱ्या-जाणाऱ्यांवर अतिक्रमण ठरते, असा नियम नोंदविला आहे. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी सांगितले जाते की, इराकच्या भूमीवर एखादे खेचर ठेचाळले तरी, त्याच्यासाठी रस्ता सपाट का केला नाहीस, असे अल्लाह मला विचारील, याची त्यांना धास्ती वाटे. खलीफाला जनावराच्या पायाची चिंता होती. आपल्याला माणसाच्या चाकाची असू नये काय? रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, हे तर आपल्या मुलांनाही मदरशात शिकविले जाते. आपण त्याचा अर्थ काटा आणि दगड एवढाच घेतला. ज्याच्यासाठी पायरी हाच काटा आहे, त्याच्या दृष्टीने ही हदीस वाचून पाहा.

देशाचा कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत, जनता जेथे ये-जा करते अशा व्यापारी वापराच्या खासगी इमारतींचाही समावेश आहे. आणि सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, त्याने ती दिव्यांगांना सुलभ करावी, असे बंधन आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असणे कायद्याशी विसंगत ठरवून, सक्तीचे निकष तयार करण्याचे आदेश केंद्र सरकारला दिले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. परंतु मुसलमानासाठी दंडाचे भय हे शेवटचे कारण असावे. ज्या गोष्टीचा आदेश चौदाशे वर्षांपासून आपल्याकडे आहे, ती न्यायालयाने सांगितल्यावर करणे हे आपल्याला शोभणारे नाही.

आता काही आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, असे ग्राहक येतातच किती? वर्षातून एखादा. उत्तर सोपे आहे: पायरी आहे म्हणून येत नाहीत. शिवाय उताराचा उपयोग केवळ व्हीलचेअरला होत नाही. गुडघे दुखणाऱ्या अम्मीजान, काठी टेकत येणारे दादाजान, गर्भवती भगिनी, कडेवर मूल असलेली आई आणि पाठीवर पोते घेतलेला हमाल या सर्वांचे ओझे तो हलके करतो. आज ज्याचे पाय भक्कम आहेत, त्याच्याही वाट्याला म्हातारपण किंवा अपघात येऊ शकतो. आरोग्य ही अमानत आहे, मालकी नव्हे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे. म्हणजे पायरी सहा इंचांची असेल तर उतार सहा फुटांचा हवा. एका पायरीच्या दुकानासाठी जाड लोखंडी पत्र्याची किंवा मजबूत लाकडाची फळी पुरेशी होते. तिच्या दोन्ही कडांना काठ असावा आणि पृष्ठभाग खरबरीत असावा, म्हणजे चाक घसरणार नाही. दिवाळी-ईदला दुकानाच्या रोषणाईवर आपण जो खर्च करतो, त्याच्याशी या खर्चाची तुलना प्रत्येकाने स्वतः करावी.

तिसरा आक्षेप असा की, उतार बांधला तर रस्ता अडतो. हा आक्षेप रास्त आहे. नुकसान करू नये आणि नुकसानाचा बदला नुकसानाने घेऊ नये, हा शरीअतचा मूलभूत सिद्धांत आहे. एकाची सोय करताना दुसऱ्याची वाट बंद होता कामा नये. म्हणूनच जेथे जागा नाही तेथे काढता-घालता येणारा उतार ठेवावा. जेथे ओटा तीन-चार पायऱ्यांचा आहे, तेथे शेजारच्या चार-पाच दुकानदारांनी मिळून ओट्याच्या एका टोकाला एकच लांब उतार करावा आणि ओट्यावरून सर्व दुकानांत जाता येईल अशी वाट मोकळी ठेवावी. गटारीवरील ढापे रुंद व सपाट करण्याचा आग्रह नगरपरिषदेकडे धरावा. दुकान भाड्याचे असेल तर मालकाशी बोलावे. मालक मुसलमान असेल तर त्याला या नेकीत भागीदार करून घ्यावे.

आणि जोपर्यंत उतार होत नाही, तोपर्यंत? तोपर्यंत दुकानदाराने स्वतः खाली उतरावे. मुलाला पाठवून वस्तू हातात टेकवू नये. सलाम करावा, समोरासमोर बसून बोलावे, पाच नमुने आणावेत, भाव सांगावेत, नापसंत झाल्यास हसतमुखाने परत घ्यावे. सोबत आलेल्या माणसाशी न बोलता थेट त्या ग्राहकाशीच बोलावे. विचारल्याशिवाय त्याच्या खुर्चीला हात लावू नये. आत आलेल्या ग्राहकासाठी दोन रांगांमधील पोती व खोकी बाजूला सारून तीन फुटांची वाट ठेवावी, नाहीतर उतार असूनही तो दारातच अडकतो. मात्र खाली उतरून दिलेली सेवा म्हणजे आपले कर्तव्य पार पडले, असे समजू नये. ते केवळ उतार होईपर्यंतचे देणे आहे.

हाच प्रश्न आपण आपल्या मस्जिदींनाही विचारला पाहिजे. प्रवेशद्वाराच्या पायऱ्या, वुजूखान्याची ओली घसरडी फरशी, वरच्या मजल्यावर भरणारा इज्तिमा, या सर्वांकडे विश्वस्तांनी एकदा खुर्चीवरून आलेल्या नमाजीच्या दृष्टीने पाहावे. अल्लाहच्या घराचा दरवाजा उंच राहिला, तर बाजारातील दुकानदाराला नसीहत करण्याचा अधिकार आपल्याला कसा उरेल?

आणि ज्या कुटुंबांत दिव्यांग मुले-मुली, भाऊ-बहीण किंवा आई-वडील आहेत, त्यांनाही एक विनंती. लोकांच्या नजरांच्या भीतीने त्यांना घरात ठेवू नका. त्यांना बाजारात घेऊन या, त्यांच्या हातात पैसे द्या, त्यांना स्वतः निवड करू द्या आणि दुकानदाराला नम्रपणे पण स्पष्टपणे सांगा की, येथे उतार हवा. आपला हक्क मागणे ही तक्रारखोरी नव्हे. बुखारीतील एका हदीसचा आशय असा आहे की, आपल्याला मिळणारे साहाय्य आणि उपजीविका आपल्यातील दुर्बलांमुळेच मिळते. ज्या ग्राहकाला आपण पायरीखाली थांबवितो, कदाचित त्याच्याच दुआमुळे आपल्या गल्ल्यात बरकत येत असेल.

म्हणून येत्या शुक्रवारी, नमाजेनंतर दुकान उघडण्यापूर्वी, प्रत्येक व्यापारी बंधूने रस्त्यावर उभे राहून आपल्या दुकानाकडे एकदा खालून पाहावे. पायऱ्या मोजाव्यात, उंची मोजावी आणि त्याच आठवड्यात सुताराला किंवा लोहाराला बोलवावे.

हे अल्लाह, आम्हाला तराजूत न्याय आणि व्यवहारात सचोटी प्रदान कर. आमच्या दारांना कोणाच्याही अपमानाचे कारण होऊ देऊ नकोस. आमच्यातील दिव्यांग, वृद्ध आणि आजारी बंधू-भगिनींना सन्मान, आरोग्य आणि हलाल उपजीविका दे, आणि न्यायाच्या दिवशी त्यांच्या हक्कांच्या बाबतीत आम्हाला गुन्हेगार म्हणून उभे करू नकोस. आमीन.